भाऊरावांची लोड टेस्ट

भाऊराव रामटेके यांचा राग स्टील प्लांटमध्ये घड्याळासारखा वापरतात. त्यांचा आवाज क्रेनच्या केबिनपर्यंत चढला की खालची माणसं म्हणतात, चला, आठ वाजले. एकतीस वर्षं क्रेनच्या मेंटेनन्समध्ये गेलेला हा माणूस घरी मुंगीलासुद्धा वाट देतो, पण एका जातीच्या माणसांना त्यांच्याकडे माफी नाही : खरेदी खात्यातले पर्चेसवाले. क्रेन चालवणाऱ्या ऑपरेटरला न विचारता खुर्चीत बसून तिचा वायर रोप निवडणारा माणूस, मग तो जगातल्या कुठल्याही कारखान्यातला असो, भाऊरावांच्या लेखी दरोडेखोर आहे.

आणि त्या मंगळवारी दुपारी, पहिली शिफ्ट संपवून आल्यावर, सेक्टर दोनच्या क्वार्टरात, पोटच्या पोरीनं त्यांना तीच शिवी दिली.

त्याचं असं झालं. उत्कर्षा लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. बोरसीच्या एका लग्नाची अर्ध्या तासाची फिल्म तिनं जोडून ठेवली होती. कापणं झालं, गाणी बसली, हळदीचा रंगसुद्धा हळदीसारखा झाला. आता भाऊरावांनी हौसेनं आणून दिलेल्या लॅपटॉपनं ती एकसंध फाइल करून बाहेर काढायची, एवढंच उरलं होतं. पण लॅपटॉप साठ टक्क्यांवर पोचला की तापायचा, घुरघुरायचा आणि बंद पडायचा. दोन तारखा देऊन झाल्या होत्या. आज संध्याकाळी सात ही तिसरी आणि शेवटची. स्टुडिओवाल्यानं सांगून टाकलं होतं, आज फिल्म नाही तर पुढं काम नाही. मग रायपूरच्या ऑफिसातली डाटा एंट्री तिची वाट पाहत होतीच.

"पुन्हा साठला मेला," उत्कर्षा म्हणाली.

"त्याले थोडा आराम दे ना बाप्पा."

"बाबा, हा बैल नाही."

"मंग मी काय सडका पाहून आणला का? क्लबातल्या जानरावनं सांगतलं, एक नंबर माल हाये. इतका हलका, एका हातानं उचलला होता मी!"

"जानराव काका एडिटिंग करतात का? मले विचारलं होतं तुम्ही?"

"सरप्राइज होतं ना थे!"

"जो चालवणार त्याले न विचारता माल घेणारे कोण असतात? तुम्हीच सांगता ना रोज. तुम्ही पर्चेसवाले झाले, बाबा."

स्वयंपाकघरात उत्कर्षाच्या आईनं, कांताबाईंनी, पटकन गॅस बंद केला. अशा वेळी कुकरनं शिट्टी मारणं बरं दिसलं नसतं.

भाऊरावांनी पोरीला "चाल, नवा घेऊ" म्हटलं आणि स्कूटर काढली. हुडकोच्या बाजारातल्या लॅपटॉपच्या दुकानापर्यंत प्रत्येक स्पीड ब्रेकरला भाऊराव पुटपुटत होते, "पर्चेसवाला म्हनते मले."

दुकानाच्या मालकानं काचेतला एक सडपातळ लॅपटॉप काढला. कीबोर्डखाली लाल-निळे दिवे, झाकण वहीसारखं. "मैडम, ये लीजिए. वीडियो, गेम, सब मक्खन."

"गेम?" भाऊरावांना बोलायला कारण मिळालं. "गेम कावून पाह्यजे?"

"दिवसातून एक तास, बाबा. तुम्ही शिफ्ट संपल्यावर क्लबात तीन तास कॅरम कुटता, थे काय ओव्हरटाइम असते?"

भाऊराव काचेतल्या माउसकडे पाहू लागले. उत्कर्षा मालकाकडे वळली. "इसका ग्राफिक्स कार्ड कितने वॉट पे चलता है?"

"कार्ड वही है मैडम, जो बड़े वाले में है. नाम सेम, नंबर सेम."

"नाम सेम है, वॉट नहीं. पतले में पचास-पचपन मिलते हैं, मोटे में सौ के ऊपर."

"एक मिनिट," भाऊराव म्हणाले. "उत्कर्षा, हे खरं हाये? नाव एक आन ताकद अर्धी?"

"हो. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. शोधावं लागते."

आता इथं एक समजून घ्या. ज्या माणसानं एकतीस वर्षं मोटारीवरची नेमप्लेट पुसून, वाचून, मगच तिला हात लावला, त्याला हे सांगणं म्हणजे भट्टीत पाणी ओतणं. भाऊराव फुटले.

"अरे! पचास की मोटर और सौ की मोटर, नाम एक? हमारे यहाँ कोई ऐसी प्लेट ठोके तो क्रेन आदमी के ऊपर गिरेगी! कहाँ लिखा है वॉट? दिखाओ!"

"अंकल, आज तक किसी ने पूछा नहीं."

"मैं पूछ रहा हूँ! और लोड टेस्ट?"

"क्या टेस्ट?"

"पच्चीस टन की क्रेन पर हम सवा इकतीस टन लटकाते हैं, तब साइन होती है. लटकाओ इस पर!"

मोबाइलचं कव्हर बघायला आलेलं एक जोडपं कव्हर ठेवून इकडं सरकलं. मालकानं डेमो पीस असल्याचं सांगून पाहिलं, भाऊरावांनी डेमो म्हणजे काय ते त्याला ओरडून समजावलं. उत्कर्षानं लाजेनं ओढणी चावली, पण हात थांबवले नाहीत. घरून आणलेली हार्ड डिस्क जोडली, आपलं सॉफ्टवेअर चढवलं, आणि टेस्ट म्हणून बोरसीचीच फिल्म लावली.

सडपातळ पहिली दहा मिनिटं हरणासारखा पळाला. मग तापला. पडद्यावरची उरलेली मिनिटं कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागली.

"फेल!" भाऊराव गरजले. "दुसरा!"

"कोणता घ्यायचा, मी सांगते," उत्कर्षा म्हणाली. भाऊरावांनी तोंड मिटलं. ते त्यांना क्रेन उचलण्याइतकं जड गेलं. तिनं खालच्या फळीवरचा, धुळीनं माखलेला, विटेसारखा जाड काळा लॅपटॉप मागितला. दोन पंखे, मागं मोठ्या जाळ्या, आणि ज्याची मेमरी पुढं वाढवता येते असा. पंखे सुरू झाले तशी दुकानात पिठाची गिरणी लागली. चाळीस टक्के. साठ. भाऊरावांनी काउंटरची कड धरली. एकसष्ट. मग ऐंशी. शंभर.

सव्वापाच वाजले होते. उत्कर्षानं तिथूनच, दुकानाच्या वायफायवरून, फिल्म स्टुडिओला पाठवून दिली. थोड्या वेळानं फोन आला, ती "हो दादा, पुढच्या रविवारचं पण करते" म्हणाली आणि स्टुलावर मटकन बसली.

मालकानं घसा खाकरला. "अंकल... अब तो काम हो गया. लैपटॉप... लेंगे ना?"

"मतलब?" दिवसभरातला सगळ्यात मोठा आवाज हा. "हम क्या मुफ़्त में काम निकालने वाले लोग दिखते हैं? और ये माल नीचे धूल में क्यों रखा था? हाँ?"

"दिखने में अच्छा नहीं है ना, अंकल."

"दिखने में मैं भी अच्छा नहीं हूँ! बिल बनाओ!"

"किसके नाम से?"

"ऑपरेटर के!" भाऊराव ओरडले, आणि मालकाला काही कळेना हे पाहून पोरीकडे बोट करून आणखी जोरात ओरडले, "ये ऑपरेटर!"