उचल बये, उचल

कादंबऱ्या वाचून पोरी बिघडतात, असं कुणी म्हणालं की मला अजून हसू येतं आणि रागही येतो. राग जरा जास्तच. माझं अख्खं आयुष्य एका कागदावरच्या बाईनं मार्गी लावलं. तिच्यासाठी मी भर सभेत उभी राहिले, सख्ख्या मामांशी भांडले आणि जिंकले. हो, जिंकले! उगाच विनयाचं सोंग कशाला आणू? आयुष्यात जिंकण्याचे प्रसंग काही रोज येत नाहीत.

मी मूळची वाईची. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून हायस्कूलसाठी आईनं मला सांगलीला त्यांच्याकडे ठेवलं. मामा फौजदारीतले नावाजलेले वकील. खोटा साक्षीदार समोर आला की ते त्याला कांद्यासारखं सोलून काढत, आणि स्वतः कधी खोटं बोलत नसत. गावात कुणाची शब्दाशब्दी झाली की लोक म्हणत, चला वकीलसाहेबांकडे, ते खरं तेच सांगतील. अशा माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं. दूध मांजरानं सांडलं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती.

त्या घरात एक मासिक यायचं. लढाईचे दिवस, कागदाची टंचाई, त्यामुळे ते बिचारं अगदी रोडावलं होतं. पण त्यात एक कादंबरी क्रमशः येत होती आणि तिच्यापायी आम्ही तिघंही पार वेडी झालो होतो. मासिक आलं की आधी मामा उचलत. "बघतो जरा, तुमच्या हाती काय पडतंय ते," असं म्हणत आणि कायद्याच्या जाडजूड पुस्तकाआड धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढत. मग मामी, मग मी. चित्रात नायिकेनं वेणी पुढं घेतली होती, म्हणून मीही वेणी पुढं घेऊन हिंडू लागले. मामी म्हणायची, "नायिकाबाई, वेणी मागं टाका आणि तेवढी भांडी घासा."

ही नायिका एका खेड्यातल्या बड्या घरची सून. फटकळ, हट्टी, सासूला उलट बोलणारी. गुणाची पुतळी मुळीच नव्हती आणि म्हणूनच मला आवडायची. तिची लहानगी नणंद एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधायचं घरच्यांनी ठरवलं, तेव्हा हिनं पोरीला धान्याच्या कणगीत लपवलं. गावात बोभाटा झाला. पंचांनी हिला खंडोबाच्या देवळात उभं केलं आणि म्हणाले, बेलभंडार उचल आणि सांग, पोर कुठं आहे ते मला ठाऊक नाही. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन सांगितलेलं खोटं ठरलं तर कुळाचा नाश होतो, असं आमच्याकडे मानतात. तिनं ताटाकडे हात नेला आणि त्या महिन्याचा अंक तिथंच संपला. पुढील अंकी चालू म्हणे! त्या संपादकाला किती शिव्या घातल्या असतील मी.

तो महिना आमच्या घरानं कसा काढला ते आम्हालाच माहीत. मामी भाजीत दोनदा मीठ घालायची. मामा झोपाळ्यावर बसून नुसते झोके घेत. एका दुपारी जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला आणि ते एकदम म्हणाले, "उचल बये, उचल!" मी आणि मामी बघतच राहिलो. मामांच्या ते लक्षात आलं तसे कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "ताक वाढा."

पुढच्या अंकात तिनं बेलभंडार उचलला. "ठाऊक नाही," म्हणाली आणि पहाटे पोरीला घेऊन गाव सोडलं. झालं, इकडे सांगलीत दोन तट पडले. नणंदेला वाचवलं ते ठीक, पण बेलभंडार? छे छे! वाचनालयात, बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर दुसरा विषय नाही. शेवटी वाचनालयानं उन्हाळी व्याख्यानांच्या जोडीला अभिरूप न्यायालय भरवायचं ठरवलं. म्हणजे लुटुपुटीचं कोर्ट. आरोपी ही नायिका, आरोप खोट्या शपथेचा. निवृत्त हेडमास्तर न्यायाधीश, वाचनालयाच्या सभासदांतून पाच पंच आणि फिर्यादीतर्फे, दुसरं कोण, आमचे मामा.

बचावाला मात्र कुणी वकील मिळेना. मामांसमोर आणि तेही बेलभंडाराच्या खोटेपणाची बाजू घेऊन उभं राहायला कुणाची छाती होणार! मी नुकतीच मॅट्रिक पास झाले होते. मला कॉलेजात जायचं होतं, आणि रहिमतपूरचं एक स्थळ माझ्यासाठी सांगून आलं होतं. वडिलांनी वाईहून कळवलं होतं, मामा ठरवतील ते खरं. मामांचा कल रहिमतपूरकडे होता. एका रात्री जेवताना मी म्हणाले, "बचाव मी करीन."

मामा हसले. "तिनं केलं ते तुला पटतं?"

"पटतं."

"मग बघ, म्हणूनच मला तुझ्या शिक्षणाची धास्ती वाटते. शिकलेल्या माणसाला खोट्याचं समर्थन करता येतं." मग जरा थांबून म्हणाले, "सोडवून दाखव तिला. सोडवलीस तर कॉलेजात नाव घालतो. नाही सोडवलीस तर रहिमतपूरकरांना होकार. कबूल?"

मामी म्हणाली, "अहो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, पैजा कसल्या लावता?" पण मी तोवर कबूल म्हणून बसले होते. तोंड आवरणं मला कधी जमलंच नाही.

खटल्याच्या संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष आणि मध्ये आरोपीच्या जागी एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीत तो मासिकाचा अंक उभा करून ठेवला होता. तिला तिथं तशी एकटी बघून मला भडभडून आलं. हसा खुशाल, पण आलं खरं.

मामा उठले. आवाज चढवला नाही की हातवारे केले नाहीत. म्हणाले, "हिच्या मनात कळकळ होती, असं बचाव पक्ष सांगेल. माझ्यासमोर रोज कळकळीनं खोटं बोलणारे उभे असतात. कुणाचा भाऊ असतो, कुणाची आई. प्रत्येकाचं कारण त्याला पवित्रच वाटतं. एकीची खोटी शपथ आज चालवून घेतली, तर उद्या कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? शपथ ही गावाची विहीर आहे. एकानं घाण केली की पाणी सगळ्यांचंच जातं." लोक माना डोलवायला लागले. बायकांच्या बाजूनंसुद्धा "खरं आहे बाई" असं ऐकू आलं.

माझ्या हातात आठ दिवस घोकलेलं भाषण होतं. ती निर्दोष कशी, ती सतीसावित्रीसारखी कशी, असं काहीबाही. ते वाचावंसं वाटेना. कारण ती तशी नव्हतीच. ती खोटं बोलली होती, देवाच्या दारात बोलली होती आणि तरीही ती मला माझ्या सख्ख्या बहिणींपेक्षा जवळची होती. मग तिला धुऊनपुसून सोवळी कशाला करायची? मी भाषणाची घडी करून कमरेला खोचली.

"माझ्या अशिलानं खोटी शपथ घेतली," मी म्हणाले. "बचाव पक्षाला ते मान्य आहे."

मामांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आता मला एक साक्षीदार बोलवायचा आहे. फिर्यादी पक्षाचे वकील."

एकच गलका उडाला. मामा म्हणाले, "हे कायद्यात बसत नाही." हेडमास्तर गालातल्या गालात हसत म्हणाले, "वकीलसाहेब, इथं आरोपीसुद्धा कागदाची आहे. तेवढं बसवून घ्या."

नाटकाला शोभा म्हणून आयोजकांनी एका ताटात बेल आणि हळद आणून ठेवली होतीच. सांगलीत हळदीला काय तोटा! मी ते ताट उचललं आणि मामांपुढं धरलं. ताट कललं आणि हळद थोडी त्यांच्या कोटावर सांडली.

"उचला, मामा."

त्यांनी बेलभंडार उचलला. लुटुपुटीच्या कोर्टातही त्यांनी आधी पायातल्या वहाणा काढल्या, तेव्हा मला कळलं की ही शपथ ते खरी मानणार.

"हिनं ताटाकडे हात नेला आणि अंक संपला. त्यानंतर एका दुपारी, जेवताना, तुमच्या तोंडून काय शब्द आले?"

ते शब्द ऐकणाऱ्या जगात दोघीच, मी आणि मामी. "आठवत नाही" एवढं म्हटलं असतं तरी ते जिंकले असते. मी रहिमतपुरात चुलीपुढं बसले असते आणि कुणाला काही कळलंही नसतं. मामांनी हातातल्या बेलाच्या पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला एकाएकी त्यांची इतकी दया आली की ताट फेकून पळून जावंसं वाटलं.

"मी म्हणालो, उचल बये, उचल."

"का म्हणालात?"

"पोर वाचावी म्हणून."

"आणि तिनं उचलल्याचं वाचलंत तेव्हा?"

"बरं वाटलं. त्या दिवशी भात दोनदा घेतला."

"तीनदा!" बायकांमधून मामी ओरडली.

अहो, काय हशा उसळला! हेडमास्तर टेबलावर हात आपटून दमले. हशा ओसरल्यावर मी पंचांकडे वळले. "तुमच्यापैकी ज्याला तो अंक वाचताना, तिनं हात मागं घ्यावा असं वाटलं होतं, त्यानं तिला शिक्षा सांगावी. मी दुसरं काही मागत नाही." एवढंच बोलून बसले, कारण पुढं बोलले असते तर रडूच आलं असतं.

पंच आपसात कुजबुजले. मग आष्ट्याचे एक वयस्क जैन शेतकरी पंचांतर्फे उठले. गेले कित्येक महिने आपल्या नातवाकडून ते ही कादंबरी वाचून घेत होते.

"खोटं बोलली ह्ये खरं हाय," ते म्हणाले. "आमच्यात खोटं म्हंजी लय मोठं पाप. पर आमच्यात आनिक बी सांगत्यात. करणारा, करवणारा, आन 'बरं केलंस' म्हननारा, तिघं बी सारखंच वाटेकरी. आवं, आमी पाची जन 'उचल उचल' म्हनत हुतो. आन आता तिला एकटीला शिक्षा करून आमी घरी जायाचं व्हय? न्हाई जमायचं. ती दोषी हाय, पर एकटी न्हाई. सोडा तिला."

टाळ्या पडल्या म्हणजे किती! कुणीतरी खुर्चीतला अंक उचलून डोक्यावर नाचवला. ज्या बायका मघाशी "खरं आहे बाई" म्हणत होत्या, त्याच बोटं मोडून माझी दृष्ट काढत होत्या. मी वेणी पुढं घेतली आणि मान ताठ करून त्या गर्दीतून चालत गेले. आयुष्यात नंतर मी वर्गात शिकवलं, सभा गाजवल्या, पण तसं चालणं पुन्हा काही जमलं नाही.

कथेतल्या माणसांच्या पापपुण्याचा हिशेब मांडणारे मला पुढं पुष्कळ भेटले. मी त्यांना एवढंच विचारते, वाचताना तुम्ही कुणाच्या बाजूला होता? तिथं, पुस्तकाआड, कुणी बघत नसताना माणूस खरा कसा आहे ते कळतं. माझे मामा मला तिथंच कळले.

घरी परतताना आम्ही तिघं नदीच्या बाजूनं चालत होतो. ही माझ्या वाईच्या घाटावरूनच आलेली कृष्णा. मामा कोटावरची हळद झटकत होते, ती काही निघत नव्हती. मग म्हणाले, "सोमवारी कॉलेजात जाऊ. तुझ्या वडिलांना आणि रहिमतपूरला मी कळवतो."

मी वाकून नमस्कार केला. मामी डोळे पुसत होती.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, आणि मी आठवत नाही म्हणालो असतो तर?"

"तर पुढच्या उन्हाळ्यात तुमच्यावर खटला झाला असता," मी म्हणाले, "आणि मामा, तुमचाही बचाव मीच केला असता."