दगडाकडे वर येणारी जमीन

आदरणीय नामदेवराव कोळेकर सरांची आणि माझी पहिली ओळख भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी कॉलेजात नुकतीच रुजू झाले होते. छावणीतल्या कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझी मराठी बरोबर असे, पण घरची वाटत नसे. माझा पहिला तास मागच्या बाकावर बसून ऐकल्यावर सर म्हणाले, "मॅडम, शिकवता छान. फक्त पोरांना सुट्टीचा अर्ज वाचून दाखवल्यासारखं वाटतं." मी रडवेली झाले, तसा त्यांनी चहा मागवला. लहानपणी खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखलेले हे गृहस्थ आमचे विभागप्रमुख आहेत, हे मला चहा संपल्यावर कळलं.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेविषयी, त्यांच्या पुस्तकांविषयी या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मी एका चुकीविषयी लिहिणार आहे. ती चूक माझी होती.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. अकरावीच्या चाचणीत मी विचारलं होतं, 'हातातून सुटलेला दगड जमिनीवर का पडतो?' गंगापूरकडच्या खेड्यातून रोज जीपने येणाऱ्या रेखाने लिहिलं, 'दगड खाली जातो आणि जमीनही थोडी वर येते. दोघं एकमेकांना ओढतात.' मी घाईत होते. पहिलंच वाक्य वाचून शून्य दिलं, आणि वरून ते वर्गात वाचूनही दाखवलं. वर्ग खो खो हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून रेखा यायची बंद झाली.

काही दिवसांनी तपासलेले पेपर चाळताना सरांचा हात थांबला.

"मॅडम, हिला शून्य का?"

"सर, जमीन वर येते म्हणते ती!"

"येतेच की. किती येते ते काढा."

त्यांनी माझ्या हातात खडू दिला. एक किलोचा दगड, दहा मीटर उंची. दशांश चिन्हापुढे तेवीस शून्यं मांडून झाली तेव्हा कुठे पहिला आकडा आला. दगडही पृथ्वीला तेवढ्याच जोराने ओढतो, हे मी परीक्षेत किती वेळा लिहिलं होतं. पण त्यामुळे पायाखालची जमीन खरोखर हलते, असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. रेखाच्या आलं होतं.

"मोजता येत नाही, म्हणून येत नाही असं नाही," सर म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "उद्या गंगापूरची जीप धरू."

रेखा आणि तिची आई टँकरच्या रांगेत हंडे लावून बसल्या होत्या. सर त्यांच्याजवळ मातीतच बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, बोला."

"रेखा, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी झाली. मला माफ कर."

रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. रेखाची आई म्हणाली, "समदे लई हसले म्हणं. पोरगी दोन दिस जेवली नाय." मग ती सरांकडे वळली. "व्हय मास्तर, जमीन वर येती म्हंता, मग आमच्या हिरीतलं पाणी का खाली चाललंय?"

बायका हसल्या. सरही हसले.

"ते पोरगीच शोधून काढंल, माय. तिला धाडा."

"पाऊस पडू द्या, धाडते. आत्ता पाण्याला दुसरं कोण हाय?"

निघताना रेखा जीपपर्यंत आली. "सर, किती वर येती?"

"कॉलेजात ये. फळ्यावर काढू."

ती हसली. तिला पाहिलं ते शेवटचंच.

पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. माणसं कामासाठी शहराकडे गेली, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक होतं. ऑफिसाने पटावरून नाव कमी केलं, तरी बारावी संपेपर्यंत सर हजेरीत रेखाचं नाव घेत, दाराकडे बघत आणि मग पुढचं नाव वाचत. सुरुवातीला मुलं कुजबुजायची. नंतर तीही दाराकडे बघू लागली.

शहर तेव्हा वाळूजच्या दिशेने पसरत होतं. दर रविवारी सर सायकलवरून तिकडच्या नव्या पत्र्याच्या वस्त्यांत तिची चौकशी करत फिरत. ती सापडली नाही. शाळा सुटलेली दुसरीच मुलं सापडत गेली. सरांचा रविवारचा वर्ग असा सुरू झाला. त्यातली एक मुलगी आज कॉलेजात माझ्या जागेवर शिकवते. आणि हे सगळं कशामुळे सुरू झालं, ते सरांनी स्टाफरूममध्ये एकदाही सांगितलं नाही. माझी चूक त्यांनी आजवर झाकून ठेवली. म्हणून ती मीच इथे लिहिते आहे.

रेखा आता पन्नाशीच्या आसपास असेल. बाजारात त्या वयाची कुणी दिसली की मी अजून चेहरा निरखून बघते. हा ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी कुणाला ती ठाऊक असेल, तर तिला एवढं सांगा, की वर्ग अजून रविवारी सकाळी भरतो. ते गणित मला पाठ आहे, पण तिला ते करून दाखवण्याचा मान सरांचा आहे.

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्हा सर्वांसाठी मी हे मागते, आणि थोडं रेखासाठीही. तिला यायला फार उशीर झाला आहे. तोवर तुम्ही थांबायला हवं.