४११८ नंबरचं कार्ड

विजयमालाला कशाची भीती वाटत असेल, तर मशीन थांबण्याची. तासगावच्या नानासो सुभेदारांची ही मुलगी गणित घेऊन एम.एस्सी. झाली आणि पुण्यात एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर लागली. खोलीभर पसरलेलं धूड ते! त्याच्यासाठी असेंब्लरमध्ये प्रोग्राम लिहायचे, म्हणजे एकेक बारीक हुकूम सांगत बसायचं. पंचाहत्तर साली अध्यापिका विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल तिच्याकडे आला. सातारा-सांगलीच्या हजारो मुली, प्रत्येकीचं भोकं पाडलेलं एक कार्ड. गुणांच्या जागी चुकून अक्षर पडलं की मशीन जागच्या जागी ठप्प. तिसऱ्यांदा ठप्प झालं तेव्हा साहेबांनी तिला सगळ्यांदेखत असं झाडलं, की दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

मग तिने सावरून घेणारा प्रोग्राम लिहिला. मुख्य प्रोग्राम अडखळला की ताबा याच्याकडे यायचा; हा खराब कार्ड सोडून द्यायचा आणि पुढच्या कार्डापासून काम सुरू करून द्यायचा. मशीन पुन्हा एकदाही थांबलं नाही. साहेबांनी पेढे वाटले, यादी साताऱ्याला गेली, आणि तीन आठवड्यांनी बाईसाहेब रजा टाकून मोठ्या ऐटीत घरी आल्या.

आता सुभेदारांना सगळं सांगितल्याशिवाय राहवतंय होय? "आबा, तुमच्या फौजेतल्या रूट मार्चसारखं आहे बघा. एक जण पडला म्हणून पलटण थांबत नाही."

"थांबत न्हाई, खरं हाय. पर मागनं एक हवालदार चालतो. पडला त्येचं नाव लिवून घेतो. तुझा हवालदार कुठं हाय?"

हवालदार नव्हता. सोडलेल्या कार्डाचा नंबर छापायचा, ही ओळ तिने लिहिलीच नव्हती. मशीन थांबू नये, एवढंच डोक्यात!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बापलेक साताऱ्याला गेले. शिक्षण खात्याच्या कचेरीच्या भिंतीवर यादी अजून होती, पास-नापास दोन्ही नंबरांची. ४११७ नापास. त्याखाली ४११९ पास. मधला नंबर नाहीच. बोट ठेवत विजयमाला शेवटपर्यंत गेली. असे सात नंबर गायब होते. सात मुली ही यादी बघून, आपण नापास झालो असं समजून घरी गेल्या होत्या. आणि प्रवेशाची मुदत संपायला चारच दिवस उरले होते.

पोस्टातून तिने पुण्याला ट्रंक कॉल लावला. "कोणाची चूक ही?" साहेब ओरडले.

"माझी, साहेब." नोकरी गेली तर गेली.

साहेबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी सातही कार्डं शोधून दुरुस्त केली. पाच जणी पास होत्या. नवी यादी माणसाबरोबर कचेरीत आली, पाच तारा सुटल्या. तिघींची उत्तरं आली. म्हसवडच्या धनगराच्या राहीची, म्हणजे ४११८ ची, तार परत आली. घर बंद.

"धनगराचं घर दिवाळीनंतर बंदच असनार की गं," सुभेदार म्हणाले. "मेंढरं घिऊन नदीकाठाला आली असतील." खताच्या आशेने बागायतदार आपापल्या रानात मेंढरं बसवून घेतात. सुभेदारांनी ओळखीचा एकूण एक जुना फौजी गाठला आणि एकच विचारलं, "म्हसवडचा कळप कुनाच्या रानात बसलाय?" दोन दिवस नुसती नन्नाची उत्तरं. विजयमाला तर वेड लागल्यासारखी झाली होती. शेवटच्या दिवशी सकाळी कराडच्या अलीकडे कळप सापडला.

राही कोकरं आवरत होती. तिची आई हरणाबाई ओरडली, "आवं, कोन पायजे?"

"राही, तू पास झालीयस," विजयमाला म्हणाली.

पोरगी उठून उभी राहिली. "मग तवा का न्हाई सांगितलं? वह्या घातल्या की मी चुलीत."

"तुझं कार्ड मशीनमधून सुटलं. मशीनची नाही, माझी चूक."

राहीला घेऊन दोघांनी साताऱ्याची एसटी धरली. पावणेपाचला तिचा फॉर्म कचेरीच्या खिडकीतून आत गेला, शिक्का बसला, आणि विजयमालाला तिथेच रडू फुटलं. तेव्हा राहीने विचारलं, "ताई, आजून कुनाचं ऱ्हायलंय का?"

एक राहिली होती. जतकडची बनाबाई. तिच्या तारेला उत्तरच आलं नव्हतं. तिघंही रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिली. दोन एसट्या आल्या, माणसं उतरली, त्यात ती नव्हती. पाच वाजले. शिपायाने खिडकी लावून घेतली.

"नाव लिवून घे," सुभेदार म्हणाले.

नाव तिला पाठ झालं होतं. तरी तिने ते लिहून घेतलं.