गिटारच्या बटनावर तांदळाचा दाणा

रेशनच्या दुकानातलं ते अंगठ्याचं यंत्र मला ओळखत नाही. पुसून लावला, ओला करून लावला, तरी नाहीच. दुकानदार हसतो, "आजी, तुमचो आंगठो खंय गेलो?" काजूच्या टरफलाच्या तेलानं खाल्ला, आणि काय. इतकी वर्षं कारखान्यात काजू फोडले, बोटांच्या रेघा कधीच गेल्या. गरम-थंडसुद्धा आता उशिरा कळतं. पण ह्याच बोटांचा एकदा उपयोग झाला, ते सांगते.

मी सावंतवाडीकडची. लग्न करून गोव्यात पाळी गावाला आले. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. त्याचे कपडे बाल्दीत टाकले की तिसऱ्या पाण्यालासुद्धा पाणी लालच. मग खाणी बंद झाल्या. ट्रक उभा राहिला आणि नवरा जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, खुर्ची घेऊन बसला, तो बसूनच संपला. रडायला वेळ होता कुठे? मुलगी शाळेत होती. तिला घेऊन मी पेडण्याजवळ पार्श्याला आले, भावाच्या बागेतल्या जुन्या घरात. एकाच भिंतीची दोन घरं. अर्ध्यात आम्ही दोघी, अर्ध्यात शेजारची म्हातारी आणि तिची सून.

मुलगी माझी गिटार शिकली. पलीकडच्या गावच्या चर्चमध्ये गाणं शिकवणारा मेस्त होता, त्यानं शिकवलं. आपली गिटारपण त्यानंच दिली. दिवसा ती पेडण्यात कपड्यांच्या दुकानात घड्या घालायची, संध्याकाळी घरी बसून वाजवायची. बायका मला म्हणायच्या, "चेडवाक उजव आता, किती दिवस ती तारा ओढतली?" मी म्हणायची, ओढू दे. माझे हात गेले ते गेले, तिचे काजूत घालायचे नाहीत, एवढंच माझ्या मनात होतं.

गिटारचा आवाज मोठा करायची पेटी तिला मांद्र्याला राहणारा एक म्हातारा परदेशी माणूस आपल्या देशाला परत जाताना देऊन गेला. जुनी, जड, दोघींनी धरावी लागायची. ती तिला अॅम्प म्हणायची, मी पेटी. मला एकदा त्या पेटीनं विजेचा झटका दिला होता, तेव्हापासून मी तिला हात लावत नव्हते.

आता त्या पेटीची गोष्ट अशी. हॉटेलवाल्यांना दोन आवाज लागतात. लोक जेवत असले की साफ आवाज, घंटेसारखा. जेवून झालं, नाचायला उठले, की फाटलेला आवाज, जात्यात खडा गेल्यासारखा. मुलगी म्हणायची, बाकीच्यांच्या पेटीला दोन वाटा असतात. पायानं दाबलं की एकीतून साफ, दुसरीतून फाटका. हिच्या पेटीला वाट एकच. आधी फाटक्या आवाजासाठी एक पायाखालची डबी होती, तिच्यात पावसात पाणी गेलं आणि ती संपली. मग गाणं अर्धवट सोडून पेटीकडे वळायचं, वाकायचं, एक बटन खाली, एक वर. एका हॉटेलनं तिला त्याच्यावरूनच परत पाठवलं. मालक म्हणाला, गिऱ्हाइकांना पाठ दाखवतेस.

दुसऱ्या हॉटेलनं वाजवून दाखवायला बोलावलं, येत्या शनिवारी. चाललं तर पूर्ण सीझन काम. दुकान सुटणार होतं, हात राहणार होते. आणि सोमवारी शेजारची म्हातारी गेली.

आमचं सुतक नव्हतं. पण भिंत एक. तेराव्यापर्यंत त्या भिंतीला लागून वाजवायचं, हे काय बरं दिसतं? आमच्याकडे अशा दिवसांत रेडिओसुद्धा कोणी लावत नाही. मुलीला मी सांगितलं, तिनं मान हलवली. दोन दिवस गिटार खुंटीला. बुधवारी ती रडवेली झाली.

"आये, शनवारी थंय जावन मी काय वाजवू? हातच बसूक नाय."

"मगे वाजव. पण भिंतीपलीकडे जाता कामा नये."

तिनं पेटीवर गोधडी घातली, वर उशी. आवाजाचं बटन अगदी खाली. पण दुसरं एक बटन असतं, आवाज फाडायचं, ते तिनं पुरं वर ठेवलं. बारीक तर बारीक, फाटका आवाज तरी हाताला कळावा म्हणून. मी अंगणात लाकडं फोडत होते. म्हातारीच्या माहेरची माणसं सावंतवाडीहून येणार होती, ती त्याच वेळी वाटेवर दिसली. बायका दारात पोचायच्या आधीच रडायला लागल्या होत्या, आणि आमच्या जनेलातून तो खडखडाट.

मी कोयता टाकून आत धावले. पेटीला हात लावायची हिंमत नव्हती. गिटारवरच एक बटन असतं, ते मी बघितलं होतं. वाजवून झालं की ती ते फिरवून बंद करायची. मी तेच धरलं आणि खाली फिरवलं. घाईत पुरं फिरलं नाही.

"बंद कर गो ता! माणसां आयली!"

ती थांबलीच नाही, हात तारांवरच होता. आणि आवाज बारीक झाला, पण मेला नाही. साफ झाला. खडा निघून गेला आणि नुसतं पाणी राहिलं, असा.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "आये, काय केलंस गो?"

"माका काय ठावक. बारीक केलंय."

"पेटीक हात लावलंस?"

"मरूक लावू?"

तिनं बटन वर नेलं, फाटका. खाली आणलं, साफ. परत वर, परत खाली. पेटी तशीच, गोधडीखाली, कोणी हात लावला नाही. मग मला तिनं समजावलं, मला जेवढं कळलं तेवढं असं: पेटी भुकेली ठेवायची, म्हणजे फाडायचं बटन वरच. गिटारनं जास्त घातलं की ती फाटते, कमी घातलं की साफ बोलते. मी म्हटलं, म्हणजे विहिरीचा पंप सुरूच ठेवायचा आणि नळ आपल्या हातात. ती म्हणाली, तसंच.

"मेस्तानी सांगूक नाय तुका?"

"मेस्ताकडे दोन वाटांची पेटी होती. त्याका गरज काय पडली?"

मग तिचा तिलाच राग आला, आणि ती हसली. पलीकडे रडणं चाललं होतं म्हणून तोंडावर हात ठेवून हसली.

पण खाली आणलं की आवाज थोडा कांबळ्यात गुंडाळल्यासारखा व्हायचा. ते तिला लगेच कळलं. पेटीवर आवाज धारदार करायचं वेगळं बटन असतं, ते तिनं थोडं वाढवलं, तारा हलक्या हातानं छेडल्या, मग बरा झाला. खरी अडचण दुसरीच. बटन नेमकं कुठे थांबवायचं? जास्त खाली गेलं तर आवाज गडप, कमी गेलं तर फाटकाच. आणि वाजवताना बघायला वेळ नसतो, करंगळीनंच शोधायचं.

पेनानं खूण केली, पण खूण डोळ्यांना दिसते, करंगळीला नाही.

घरात काठीला गुंडाळलेला फणसाचा चीक होता. फुटकी बाल्दी, भोकाचं भांडं, आम्ही त्यानंच जोडतो. मी तो दिव्यावर ऊन केला, बटनाच्या कडेला एक थेंब लावला आणि त्यात तांदळाचा एक दाणा बसवला. साफ आवाजाच्या जागी करंगळी दाण्याला लागेल, असा.

"लागता काय बघ."

तिनं डोळे मिटून फिरवलं. "लागता."

"थांब." मी माझी करंगळी लावली. मला काहीच लागलं नाही. तेव्हा तो दाणा काढला आणि उकड्या तांदळातला जाडा शोधला. तो लावला. परत बघितलं, नाही. तो उभा करून बसवला, टोक वर. तेव्हा माझ्या त्या मेलेल्या बोटाला काहीतरी टोचल्यासारखं झालं.

"आता ठेव," मी म्हटलं. "माका कळला म्हणजे तुका झोपेत पण कळतला."

शनिवारी दुपारी आम्ही दोघींनी पेटी रिक्षात घातली. हॉटेलचा मॅनेजर कोल्हापूरकडचा माणूस. बोलायला चांगला.

"मावशी, तुम्ही कशाला आला?"

"पेटी उचलूक."

"बसा की मग सावलीला." मग मुलीला म्हणाला, "ताई, दोन आवाज लागतील बघा. दुसरा अॅम्प कुठाय?"

"हाच."

त्यानं भुवया वर केल्या. मी खांबापाशी बसले. समोर समुद्र होता, मी बघितला नाही.

पहिलं साफ वाजवलं, चांगलं झालं. मॅनेजर मोबाइलमध्ये बघत होता. मग तिनं करंगळीनं बटन उघडलं आणि आवाज फाटला. टेबलं पुसणाऱ्या दोघी थांबल्या. मॅनेजरनं मान वर केली. आता परत साफ यायचं होतं. तिनं बटन खाली नेलं आणि आवाज गडप झाला. काहीच नाही. घामानं बोट निसटलं होतं. माझा पदर मी तोंडात धरला. तिनं पाठ फिरवली नाही, खाली बघितलं नाही. समोरच बघत तिची करंगळी हळूहळू वर आली, आणि एका जागी थांबली. दाणा लागला. साफ.

वाजवून झाल्यावर मॅनेजर उठून पेटीमागे गेला, वाकून बघितलं. काही सापडलं नाही. "एकाच अॅम्पवर? पायाखाली पण काही नाही?"

"नाय."

"मग सोमवारपासून या."

मला त्यानं चहा दिला, सोबत उंडो, आमच्याकडचा गोल पाव. मी उंडो पदरात बांधून घेतला.

घरी आलो तर शेजारची सून दारातच. मुलीचा चेहरा बघून तिला कळलं, पण त्यांच्या सुतकात आपली आनंदाची गोष्ट कशी सांगायची? तीच म्हणाली, "वयनी, आमच्या म्हातारेक कानान आयकाक येय नाय. पण तुमच्या चेडवाचो तो आवाज भिंतीतसून येय तिका. 'कोण गो दळता?' म्हणान विचारी."

तेरावा झाला, पानं उठली, माणसं गेली. संध्याकाळी शेजारच्या सुनेनंच भिंतीवर थाप मारली. "लाव गो आता. फाटको लाव."

मुलीनं पेटीवरची गोधडी काढली आणि बटन पुरं उघडलं. मी भिंतीला हात लावून बसले. भिंत थरथरत होती, ते बोटांना कळत होतं.

मी अजून काजूला जाते. दाणा घामानं सुटतो, महिन्या-दोन महिन्यांनी. मग मुलगी गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवते आणि मी चीक ऊन करते.