सहावं पाणी

"मामा, पैठण किती लांब हो?" असं कुणी विचारलं की मामा आधी त्याच्या पायांकडे बघत, मग त्याच्या सायकलीकडे, आणि मग उजव्या हाताची तीन बोटं वर करून म्हणत, "तीन पाणी."

किलोमीटर हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पाणी म्हणजे सायकल टेकवून घोटभर प्यायला मिळतं ती जागा. कुठे हापसा, कुठे मारुतीच्या देवळातला माठ, कुठे शेतातली चालू मोटार. वेरूळ दोन पाणी, पैठण तीन, आणि घाट उतरून पलीकडे सोयगाव म्हणजे सात. उन्हाळ्यात तहान जास्त लागते, मग आकडा वाढायला नको का, असं मी एकदा शहाणपणानं विचारलं होतं. मामा म्हणाले, "तहान वाढंल भाऊ. पाणी आपल्या जागी ऱ्हातंय."

मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या आमच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पैठणच्या डाव्या कालव्यावर एकतीस वर्षं चौकीदार. कालव्याच्या भरावावरची वाट सायकलनं रोज तुडवायची, कुणी चोरून पाणी घेतंय का, कुठे भगदाड पडलंय का ते बघायचं, एवढी त्यांची नोकरी. रिटायर झाले तरी पाय काही रिटायर झाले नाहीत. मग त्यांनी कालव्यावरून डोंगराकडे मोर्चा वळवला आणि पाच-सहा वर्षांत म्हैसमाळपासून सोयगावच्या घाटापर्यंतच्या सगळ्या आडवाटा पालथ्या घातल्या.

या वाटा ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवत. कुणी मागितलं की एक पत्रिका द्यायची. पुढच्या बाजूला चि. आणि चि. सौ. कां., मागच्या बाजूला हापसे आणि वळणं. देताना एकच अट असे. "येऊन सांगायचं. कुठलं पाणी हाय, कुठलं गेलं. तेवढीच फी."

फी कुणी भरत नसे. शहरात आता सायकलवाल्यांचे गट झालेत, तुम्हीही पहाटे पाहिले असतील. गादी शिवलेल्या चड्ड्या, डोक्यावर हेल्मेट, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ. ही मंडळी मामांकडून पत्रिका नेत, तिचा फोटो काढत आणि आल्यावर "जबरदस्त राइड झाली, मामा!" एवढंच सांगत. मामा विचारत, "तिसऱ्या पाण्याचा हापसा चालू हाय का?" ते एकमेकांकडे बघत. प्रत्येकाच्या सायकलीला दोन-दोन बाटल्या. हापशाकडे बघितलंय कुणी?

बाटलीवर मामांचा भारी राग. "पाणी संगं घेतलं की माणूस कुणाशी बोलत नाय," म्हणायचे. "पाणी मागाया गेलं की राम राम होतो, पाऊसपाणी कळतं, पुढला रस्ता कळतो. बाटलीला काय इचारता?" स्वतः ते कधीही पाणी बरोबर नेत नसत. त्यांच्या काळ्या सायकलीला एक पिशवी, पिशवीत पंक्चरचं सामान आणि दोन भाकरी.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. चाळिशीत साखर निघाली, डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं, म्हणून गिअरची सायकल घेतली. मामांनी ती एका हातानं उचलून बघितली. "सायकल हाय का सायकलीचा सांगाडा?" म्हणाले, आणि पुढच्या रविवारी मला कालव्यावर घेऊन गेले.

तो रविवार मला अजून आठवतो. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला कोरडा ठणठणीत कालवा. मामा एकदम थांबले आणि बाभळीखाली बसले. "थांबा. पाणी सुटलंय." मला तर तळातल्या भेगा दिसत होत्या. त्यांनी लांबवर बोट दाखवलं. कालव्याच्या रेषेवर बगळे उडत होते, बसत होते, पुन्हा उडत होते, आणि असे आमच्याकडे सरकत होते. "आधी बगळे येत्यात. पाण्याम्होरं किडे पळत्यात ना, ते टिपाया." अर्ध्या तासानं पाणी आलं. काडीकचरा, फेस आणि एक प्लास्टिकची चप्पल पुढे घालून हळूहळू आलं आणि मामांनी त्याला चक्क हात जोडले. मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

त्यानंतर मी त्यांचा झालो. घरून ओरडा बसे, "रविवारी तरी घरात थांबा." मी थांबत नसे.

मग मामी आजारी पडल्या. दोन वर्षं मामा त्यांच्या उशापासून हलले नाहीत. सायकल ओट्यावर भिंतीला टेकून उभी, पण तिच्या चाकात हवा कायम टंच. कार्तिकात मामी गेल्या. मामा बोलेनासे झाले. सकाळी ओट्यावर बसत ते संध्याकाळपर्यंत.

त्यांना बरं वाटावं म्हणून मीच म्हणालो, "मामा, सोयगावची पत्रिका द्या. कारखान्यातले आम्ही तिघं जातोय." खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. आतून पत्रिका आणली, चष्मा लावून एकेक पाणी समजावलं. सहाव्यावर थांबले. पत्रिकेवर लिहिलं होतं, 'घाटाचं पयलं वळण. डाव्या हाताला आजीचं घर. रांजण. राम राम करणे.' म्हणाले, "आजी एकलीच ऱ्हाती. पाणी देती, पर आधी गाव इचारती. पाचव्यापासून सातव्यापर्यंत दुसरं पाणी नाय. तिला सांगा, कालवेवाल्याची मंडळी गेली."

पौषात आम्ही गेलो. खरं सांगतो, आमच्या तिघांच्या पाठीवरच्या पिशव्यांत मिळून सहा बाटल्या होत्या. घाटाच्या पहिल्या वळणावर घर सापडलं. म्हणजे दोन भिंती सापडल्या. दारात बोराटीच्या फांद्या टाकलेल्या, रांजण फुटून त्यात पाला साचलेला. शेळ्या राखणारा एकजण म्हणाला, "म्हातारीला जाऊन दीड वरीस झालं." आम्ही बाटल्यांतलं पाणी प्यालो आणि घाट उतरलो.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर मामा फाटकात उभे. किती वेळचे उभे होते कोण जाणे. दाढी केलेली, सदरा धुतलेला. मला सायकलवरून उतरूही दिलं नाही.

"सहावं पाणी?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून गेलं, "आहे ना. प्यालो की."

"आजी?"

"ठणठणीत. तुमची आठवण काढली. म्हणाली, कालवेवाले यायचे बंद झाले का? त्यांना म्हणावं, येऊन जा."

एक खोटं बोललं की त्याला शेपूट फुटतं, तसं ते फुटलं. पण तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हेच केलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो. मामा आठ दिवस साऱ्या गल्लीला सांगत होते, "आजीनं बोलावलंय." जेवायला लागले, चेनला तेल घालायला लागले. मामांची सून मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही काय जादू केली?" आणि मी लबाडासारखा हसलो.

चैत्र संपत आला होता. एका संध्याकाळी मामा म्हणाले, "उद्या निघतो. बोलावलं म्हणल्यावर जाया पायजे. संगट थोडे शेंगदाण्याचे लाडू घेतो म्हातारीला."

ही सांगायची वेळ होती. मी सांगितलं नाही. घर पडलेलं बघतील, हळहळतील आणि परत येतील, असा हिशेब मी मनाशी केला. फक्त म्हणालो, "ऊन फार आहे मामा, एक बाटली घ्या," आणि माझी बाटली त्यांच्या हँडलला अडकवली. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "पाणी संगं असल्यावर आजीकडं कोणत्या तोंडानं जाऊ?"

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की माघात घाटातला रस्ता रुंद करायला घेतला होता. पहिलं वळण यंत्रानं खरवडून काढलं होतं. त्या दोन भिंतीही उरल्या नव्हत्या, बोराटीही नाही. मामा भर दुपारी तिथे पोचले आणि त्यांना घर दिसलं नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, घर गेलं. मामांना तसं म्हणताच येईना, कारण तीन-चार महिन्यांपूर्वी मी तिथे पाणी प्यालो होतो. म्हणजे आपणच वळण चुकलो. ते घाट उतरले, पुन्हा चढले. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. चार वेळा. संध्याकाळी दुधाच्या टेम्पोवाल्याला ते रस्त्याकडेला पडलेले दिसले. लाडूंचा डबा पोटाशी धरलेला होता.

सोयगावच्या दवाखान्यात सलाईन लावलं म्हणून वाचले. दोन दिवसांनी मुलगा घेऊन आला. मी भेटायला गेलो तर मला बघून ओशाळले. "चुकलो भाऊ," म्हणाले. "एवढं मोठं घर, मला घावलं नाय."

बाकी सगळं भरून आलं, हे मात्र भरून आलं नाही. पहाटेची पोरं पत्रिका मागायला आली की ते हात हलवत. "मला इचारू नका. माझं डोकं गेलं आता." फाटकाला कडी लावली की नाही ते तीनतीनदा बघायला लागले. स्टेशनाकडे चहा प्यायला निघाले की कोपऱ्यावर थांबत आणि मला विचारत, "इथून डाव्या अंगालाच ना?" एकतीस वर्षं अंधारातही कालव्याची दारं न चुकणारा माणूस! मुलानं विसराळूपणाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयानुसार होतं. गल्लीनं मान डोलावली. मीही डोलावली, आणि त्या रात्री मला अन्न गेलं नाही.

शेवटी भाद्रपदात मी मनाचा हिय्या केला. ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. "मामा, मी खोटं बोललो. आजी तेव्हाच नव्हती. रांजण फुटलेला होता. मी प्यालो ते माझ्या बाटलीतलं. तुम्ही वळण चुकला नाहीत. घरच नव्हतं."

मला वाटलं, मामा आता शिवी हासडतील. हासडायला हवी होती, मी तिची वाटच बघत होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमचा सभाव मला ठाव हाय, भाऊ. माणसाला बरं वाटावं म्हणून तुम्ही कायबी बोलता."

"मामा, आईशप्पथ, खरं सांगतोय."

"बोला की, बोला. पर रस्त्याचं खोटं तुम्ही नाय बोलणार. माझ्या हाताखाली शिकलाय तुम्ही." मग माझीच समजूत काढावी तसं म्हणाले, "घर हाय तिथं. आजी वाट बघत आसंल. मलाच आता दिसत नाय."

मी त्या दोघांचंही नाव घेतो, बरोबर आलेल्या त्या मित्रांचं, त्यांना साक्षीला आणतो, असं म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली. माझं खरं मी इतक्या उशिरा आणलं होतं की आता ते माझ्या खोट्यासारखंच दिसत होतं.

माघात मामा झोपेतच गेले. मुलानं घर भाड्यानं द्यायला काढलं, सायकल कुणीतरी नेली.

गेल्या महिन्यात मी एकटाच सोयगावला निघालो. बाटली घेतली नाही. दोन हापसे बंद पडलेत, एका देवळातल्या माठाजागी कुलूपबंद कूलर आलाय. घाटातला रस्ता आता गुळगुळीत झाला आहे, वळणंसुद्धा एकसारखी. पहिल्या वळणावर डाव्या हाताला बघितलं. नुसता कापलेला डोंगर. हे पहिलंच ना, अशी शंका आली, म्हणून खाली गेलो आणि पुन्हा चढून आलो. मलाही ती जागा सापडली नाही.

परत आलो तेव्हा सवयीनं मामांच्या फाटकाशी उतरलो. येऊन सांगायचं, तेवढीच तर फी होती. ओट्यावर नव्या भाडेकरूंची मोटारसायकल उभी होती. आतून एक बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

मी त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलं.