न लावलेली वायर

माझ्या गिटारची वायर स्टेजवरून मागे गेली होती आणि तिचं टोक कशातच खोचलेलं नव्हतं. पहिलं कडवं संपता संपता मला ते दिसलं. मी क्लासच्या सरांना खूण केली. ते जवळ आले, हसले. "मुद्दाम काढलीय. तुझा हात हळदीचा. नुसतं वाजवल्यासारखं कर."

खारघरचा गिटार क्लास. टॉवरमधली मुलं. मी गव्हाण गावची. माझे बाबा गावोगावच्या लग्नांत, हळदीत बँजो वाजवतात. तोच ठेका माझ्या हातात उतरलाय. सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए बँजो" म्हणायचे. पोरं हसायची. मीही हसायचे. लाज वाटायची ती बाबांची, सरांची नाही.

कार्यक्रमातलं ते जुनं इंग्रजी प्रेमगीत मी जिवाच्या कराराने शिकले होते. त्यात एफ कॉर्ड येते, एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या. बोटं सोलून निघाली. वाटायचं, हे एक गाणं आलं की मी त्यांच्यातली होईन.

आणि त्या दिवशी स्टेजवर मी वाजवल्यासारखं केलं. शेवटपर्यंत. समोर बाबा बसले होते, हळदीची सुपारी सोडून आलेले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आयकला गो. लय बेस वाजवलास."

डीजेच्या गोंगाटातही उतरलेली तार ओळखणारा माणूस. खोटं बोलत होता. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

वाटेत राहवलं नाही. "बाबा, माजी वायर लावलीच नव्हती."

"ठाव हाय."

"मंग तिथंच का नाय बोललास?"

"आपुन काय बोलाचा गो तिथं?"

जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात वाजवून, सगळ्यांच्या मागून जेवलेला माझा बाप. त्याचा राग आला. मग माझाच आला.

पुढच्या वेळी क्लासमध्ये सर म्हणाले, "कार्यक्रमात मागे उभी राहा. स्टेज भरलेलं दिसतं." मी वायर स्वतः खोचली, अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण केला आणि ते गाणं वाजवलं. हळदीच्या ठेक्यात. एफ खरखरली. खरखरू दे. सरांनी स्विच बंद केला. मी परत चालू केला. त्यांनी मला क्लासमधून काढलं.

आता क्लास नाही, स्टेज नाही. दुसरीकडे कुठे शिकायचं तेही माहीत नाही. पण परत कुणी माझी वायर काढली तर मी वाजवल्यासारखं करणार नाही. हात खाली सोडेन, पुढचा माईक ओढून घेईन आणि चालू गाण्यात विचारेन, ही वायर कुणी काढली? उत्तर मिळेपर्यंत स्टेजवरून उतरणार नाही.