न आलेल्यांची चौकशी

चष्मा कपाळावर चढवून आणि समोरच्याकडे उघड संशयाने बघत आमचे सर विचारायचे, "आणि जे आलेच नाहीत, ते?"

परळच्या मेडिकल कॉलेजात ते आम्हाला संख्याशास्त्र शिकवत. ते डॉक्टर नव्हते, म्हणून आम्ही त्यांना फारशी किंमत देत नसू. वॉर्डातले बहुतेक रोगी बरे झाले असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. जे हॉस्पिटलच्या पायरीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचं काय झालं, हे आधी सांगा म्हणायचे. कँटीनवाला एकदा फुशारकीने म्हणाला, इथे रोज येणारा प्रत्येक जण माझ्या वड्याची तारीफ करतो. सरांनी शांतपणे विचारलं, "ज्यांना आवडला नाही, ते परत येतात का?" त्या दिवसापासून त्यांच्या बशीत चटणी कमी पडू लागली.

अशी खोड असलेल्या माणसाशी तुमचीही कधीतरी गाठ पडली असेल.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. हॉस्पिटलात जखमींच्या खाटांशी पोलीस उभे असत. आणि नेमके तेव्हाच सर संध्याकाळचे लालबागच्या चाळींतून हिंडू लागले. कुणी घरीच पडून आहे का, असं जिन्याजिन्यात विचारत. आमच्या चाळीने निकाल देऊन टाकला, हा खबऱ्या. मलाही ते पटलं. संशय घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं, तो आम्ही पहिला त्यांच्यावरच घेतला.

त्याला कारणही होतं. शेजारचा सदू, गिरणीत कामाला असलेला माझा जिवाभावाचा दोस्त, मोर्च्यात पायाला गोळी चाटून गेल्यामुळे माळ्यावर लपून होता. अटकेच्या भीतीने तो हॉस्पिटलात गेला नव्हता. हळदीने भागेना. पाय सुजला, जखमेला वास येऊ लागला. पाय जाणार, कदाचित जीवही, एवढं मला कळत होतं. करता मात्र काहीच येत नव्हतं.

एका संध्याकाळी सरांनी मला जिन्यातच गाठलं.

"तुझी अख्खी चाळ मोर्च्याला गेली, आणि जखमी एकही नाही? मला नाही पटत."

मी जिन्याची वाट अडवून उभा राहिलो.

"माझा संशय येतो ना? यायलाच हवा. पण जखम थांबत नाही रे."

वरून सदूची आई ऐकत होती. ती म्हणाली, "येवंदे तेंका वर. नायतर पोरगो जातलो माझो."

सर स्वतः वर गेले नाहीत. गल्लीत थांबलेल्या त्यांच्या डॉक्टर मित्राला त्यांनी हाक मारली आणि तो बॅग घेऊन चढला. सर जिन्यात पहारा देत बसले. सदूचा पाय वाचला, चाल तेवढी लंगडी राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी सर गेले. कॉलेजातल्या शोकसभेला माणसं तुरळक होती. शेजारचे एक प्राध्यापक माझ्या कानाशी लागून म्हणाले, बिचाऱ्याला माणसं काही जोडता आली नाहीत. सवयीने माझं लक्ष दाराकडे गेलं. सदू लंगडत आत येत होता, केसांत गिरणीचा कापूस तसाच.

"बाकीचे फाटकाभायर आसत," तो हळूच म्हणाला. "आत सोडनत नाय."

मी बाहेर जाऊन पाहिलं. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत चाळीचाळींतली माणसं उभी होती, कुणी काठी टेकून, कुणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. मला रडू आवरेना. तसाच आत गेलो आणि त्या प्राध्यापकांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत घेऊन आलो.